रणभूमी साष्टीची, स्मरण वसईत

दरवर्षी मे महिन्यात वसईच्या किल्ल्यात चिमाजी अप्पांच्या स्मारकापाशी विजयोत्सव होतो. वसई-विरारची माणसे येतात, तशीच उपनगरांतूनही दुर्गप्रेमींचे गट सकाळच्या गाडीने येतात. पुतळ्याला हार घातला जातो, इतिहास सांगितला जातो, जयघोष होतो आणि ऊन चढायच्या आत मंडळी परततात. या भेटीमागचा आदर खरा असतो. पण बोरिवलीहून किंवा अंधेरीहून वसईला निघालेला माणूस रणभूमीकडे निघालेला नसतो. तो रणभूमीवरूनच निघालेला असतो. वसईची मोहीम १७३७ ते १७३९ अशी दोन वर्षांहून अधिक काळ चालली. तिचा मोठा भाग आज मुंबईची उपनगरे आणि ठाणे शहर जिथे वसले आहे त्या साष्टी बेटावर आणि त्याच्या खाड्यांच्या काठी लढला गेला. स्मरण मात्र एका किल्ल्यात, एका पुतळ्यापाशी, एका दिवसावर येऊन थांबले आहे. रणभूमी इतकी पसरलेली आणि आठवण इतकी आखूड कशी झाली, आणि तिथे जाणाऱ्याने नेमके काय पाहावे, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

सासष्ट गावांचे बेट

साष्टी हे नाव सासष्ट गावांवरून आले असे मानतात. वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंत आणि वेसाव्यापासून ठाण्यापर्यंतचे हे बेट. अंधेरी, मालाड, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सगळी त्याच बेटावरची गावे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, तेव्हा साष्टीही त्यांच्याकडे गेली. पुढे १६६१च्या विवाहकराराने मुंबई इंग्रजांना मिळाली, तरी साष्टी पोर्तुगीजांनी सोडली नाही. त्यामुळे अठराव्या शतकाच्या पहिल्या तिसाव्यात माहीमच्या खाडीच्या दक्षिणेला इंग्रज, उत्तरेला पोर्तुगीज आणि ठाण्याच्या खाडीपलीकडे मराठे अशी स्थिती होती. आज मुलुंडचा चेकनाका ओलांडताना आपल्याला शहर बदलल्याचे कळते. त्या काळी ठाण्याची खाडी ओलांडली की राज्य बदलत असे.

मोहिमेची कारणे एका शब्दात सांगता येत नाहीत. पोर्तुगीज अमलात हिंदूंच्या सण-समारंभांवर आणि देवळांवर बंधने होती, धर्मांतराचा रेटा होता. साष्टीतील आणि आसपासच्या वतनदारांनी पेशव्यांकडे गाऱ्हाणी नेली. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे आणि भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू यांची नावे या संदर्भात येतात. त्याच वेळी कोकणच्या किनाऱ्यावर पाय रोवणे, बंदरांचे उत्पन्न हाती घेणे आणि आंग्र्यांच्या घरातील भांडणात पोर्तुगीजांनी लुडबुड करू नये याची तजवीज करणे, ही पेशव्यांची राजकीय गरज होती. गाऱ्हाणे आणि गरज एकत्र आली तेव्हा मोहीम उभी राहिली.

ठाण्याचा तुरुंग, वेसाव्याचा किल्ला

पहिला घाव पडला तो ठाण्यावर. साष्टीच्या रक्षणासाठी पोर्तुगीज तिथे नवा किल्ला बांधत होते आणि तो पुरा झालेला नव्हता. मार्च-एप्रिल १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजा खाडी ओलांडून आल्या आणि अर्धवट किल्ला हाती पडला. ठाणे गेले आणि साष्टीचे दार उघडले. पुढच्या वर्षाच्या अखेरीस पेद्रु द मेलो हा वसईचा नवा सेनापती ठाणे परत घ्यायला चालून आला, तेव्हा तो लढाईतच मारला गेला.

हा किल्ला आज ठाण्याचा मध्यवर्ती कारागृह आहे. घाटकोपर-मुलुंडकडून रोज हजारो लोक त्याच्या जवळून जातात, पण रणभूमी म्हणून तिथे थांबण्याची सोय नाही. त्या तटाने आणखीही बरेच पाहिले. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी तो मराठ्यांकडून घेतला, त्या वेढ्यात त्यांचा आरमारी अधिकारी जॉन वॉटसन मारला गेला. १८१६ साली त्र्यंबकजी डेंगळे याच किल्ल्यातल्या कैदेतून निसटले. एकाच भिंतीवर तीन सत्तांचा इतिहास लिहिलेला आणि भिंत मात्र कैद्यांसाठी राखलेली.

ठाणे मिळाले तरी वसई मिळाली नाही. १७३७च्या पावसाळ्याच्या आसपास वसईवर शिड्या लावून चढण्याचे प्रयत्न झाले. ते फसले आणि माणसे मोठ्या संख्येने पडली. उत्सवाच्या भाषणांत हा भाग सहसा दोन वाक्यांत उरकतो. खरे तर मोहिमेचा पुढचा सगळा आराखडा या अपयशातूनच घडला. तट चढून वसई मिळणार नसेल, तर आधी तिचे हात-पाय तोडले पाहिजेत, असा तो हिशेब होता. उत्तर किनाऱ्यावरची माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी आणि दक्षिणेकडची वेसावे व धारावी ही दोन नाकी घेतली, की वसईला समुद्रातून आणि खाडीतून मिळणारी मदत तुटणार होती.

जानेवारी १७३९ मध्ये तारापूर पडले. पाठोपाठ वेसावे आणि धारावी. इथली धारावी म्हणजे भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या वाटेवर चौक गावाजवळची टेकडी. शीव-माहीमची धारावी वेगळी. वसईच्या खाडीच्या मुखावर, वसईच्या समोर ही टेकडी उभी आहे. तिच्यावर उभे राहिले की हे नाके इतके मोलाचे का होते ते नकाशाशिवाय कळते. ज्याच्या तोफा या टेकडीवर, त्याच्या हाती खाडीची किल्ली.

वेसाव्याचा किल्ला अंधेरीकरांच्या अगदी समोर आहे. वेसावे कोळीवाड्यातून तरीने मढला उतरले की थोड्या अंतरावर त्याचा तट दिसतो. किल्ला हवाई दलाच्या ताब्यात असल्याने आत जाता येत नाही. चित्रपटांत मात्र तो अनेकांनी पाहिलेला असतो. उपनगरातला सगळ्यांत जास्त पाहिला गेलेला आणि सगळ्यांत कमी ओळखला गेलेला किल्ला असे त्याचे वर्णन करता येईल.

मंडपेश्वर आणि स्थलांतरित मूर्ती

लढाईच्या खुणा फक्त तटांवर उरत नाहीत. बोरिवलीची मंडपेश्वर लेणी पाहा. ही शैव लेणी पोर्तुगीज काळात ख्रिस्ती मठाच्या ताब्यात गेली. लेण्यांच्या माथ्यावर मठ आणि चर्च उभे राहिले, त्यांचे अवशेष आजही आहेत. १७३९ नंतर मराठ्यांच्या अमलात तिथे पुन्हा पूजा सुरू झाली, इंग्रजी राज्यात ती जागा पुन्हा चर्चकडे गेली आणि आज ती पुरातत्त्व खात्याकडे आहे. शेजारच्या वस्तीला आपण आय. सी. कॉलनी म्हणतो. ती दोन अक्षरे इमॅक्युलेट कन्सेप्शन या चर्चच्या नावाची आहेत. म्हणजे बोरिवलीच्या रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही आपण त्याच इतिहासातले एक नाव उच्चारत असतो.

वांद्र्याला माउंट मेरीची मूर्ती या युद्धाच्या दिवसांत खाडीपलीकडे, इंग्रजी हद्दीतल्या माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नेऊन ठेवली होती. १७६१ साली ती वांद्र्याला परत आली. आज सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला सगळ्या धर्मांची गर्दी लोटते. त्यातल्या किती जणांना ठाऊक असते, की ही मूर्ती वीस वर्षांहून अधिक काळ निर्वासित होती?

याच्या उलट दिशेने घंटा गेल्या. वसई आणि साष्टीच्या चर्चमधल्या घंटा विजयाची निशाणी म्हणून मराठी सरदारांनी नेल्या आणि आपापल्या देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा यांतलीच, तिचे नाव तर बोलीत रुळले आहे. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर अशी एक घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीचे चित्र आहे. तिच्या खाली उभे राहून अनेकांनी महादेवाला नमस्कार केला आहे. रणभूमीची भेट म्हणजे फक्त तटबंदीची भेट नव्हे. या घंटाही त्याच लढाईचे अवशेष आहेत, फक्त दूर जाऊन पडलेले.

विजयाचा दिवस कोणता?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वसई कधी पडली? फेब्रुवारी १७३९ पासून वेढा आवळत गेला होता. समुद्राच्या बाजूने मानाजी आंग्र्यांच्या आरमाराने वाट अडवली होती. तीन बाजूंना पाणी आणि दलदल असल्याने हल्ला उत्तरेकडच्या जमिनीच्या बाजूनेच करावा लागत होता. तिथे तटाच्या पायथ्याशी सुरुंग खणले गेले. रेमेदियुश आणि सेबॅस्टियन या संतनामांच्या बुरुजांपाशी ते उडवले, भगदाडे पडली आणि त्यांतून मराठे घुसले. भगदाडात दोन-तीन दिवस हातघाईची लढाई झाली. वेढ्यातच मुख्य अधिकारी मार्तिन्यु द सिल्वेरा मारला गेल्यावर सूत्रे हाती घेतलेल्या काएतानु द सोझा परेरा याने अखेर तहाचे निशाण लावले.

या शरणागतीची तारीख इंग्रजी साधनांवर आधारलेल्या पुस्तकांत ५ मे आढळते, तर पोर्तुगीज साधनांवर आधारलेल्या पुस्तकांत १६ मे. दोन्ही बरोबर आहेत. पोर्तुगीज तेव्हा ग्रेगरियन पंचांग वापरत होते, मुंबईचे इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग वापरत होते आणि अठराव्या शतकात या दोहोंत ११ दिवसांचे अंतर होते. मराठी कागद यांपैकी कोणतेच मानत नाहीत. त्यांच्या लेखी तो शके १६६१ मधल्या वैशाख शुद्ध पक्षातला दिवस, आणि तिथी दरवर्षी इंग्रजी तारखेपुढे-मागे सरकते. शिवाय तहाने पोर्तुगीजांना निघून जायला आठ दिवसांची मुदत मिळाली होती. त्यामुळे किल्ला प्रत्यक्ष ताब्यात आला तो २३ मेला, म्हणजे जुन्या इंग्रजी मोजणीने १२ मेला. विजय कशाला म्हणायचे, तटावर चढल्याच्या दिवसाला, तह झाल्याच्या की निशाण बदलल्याच्या, त्याप्रमाणे दिवस बदलतो. तारखेवरून दरवर्षी होणाऱ्या वादात दोन्ही पक्षांनी हा ११ दिवसांचा हिशेब आधी मांडला, तर निम्मा वाद मिटेल.

मेलेल्यांची मोजदाद

या विजयाची किंमत मोठी होती. मराठ्यांकडची पडलेली आणि जायबंदी माणसे पाच हजारांच्या घरात होती, असे मराठी बाजूचा आकडा सांगतो. पोर्तुगीजांकडचा आकडा आठशेच्या आसपास दिला जातो. आठशेंच्या बदल्यात पाच हजार! सुरुंगाच्या भगदाडात धावून जाण्याचा अर्थ या आकड्यांत दिसतो.

त्या पाच हजारांपैकी आपल्याला नावाने किती माहीत आहेत? तारापूरला पडलेला बाजी भिवराव रेठरेकर माहीत आहे. त्याच्या आईला, वेणूबाईला, पेशव्यांनी लिहिलेले सांत्वनपत्र प्रसिद्ध आहे. आपला भाऊच गेला, आता मलाच आपला बाजी समजा, असा त्याचा भाव आहे. अठराव्या शतकाच्या मराठी गद्यात इतका साधा आणि खोल शोक क्वचित आढळतो. पण बाजी सरदार होता. भगदाडात पडलेला मावळा, सुरुंग खणणारा बेलदार, होड्या वल्हवणारा कोळी आणि भंडारी यांच्या आयांना कोणी पत्र लिहिले नाही. पेशवे दफ्तरातील वसई मोहिमेचे कागद गो. स. सरदेसाईंनी छापून ठेवले, य. न. केळकरांनी त्या मोहिमेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, पोर्तुगीज बाजू पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरांतून उजेडात आणली. एवढ्या कागदांत शिपायांची संख्या मिळते, त्यांची नावे फारशी मिळत नाहीत.

वसईच्या किल्ल्यात दगडावर कोरलेली नावे आहेत. ती पडक्या चर्चच्या फरशीवरच्या थडग्यांची, पोर्तुगीज घराण्यांच्या मुखत्यारांची, कुलचिन्हांसह. जे जिंकले त्यांच्यापैकी एकाही शिपायाचे नाव तिथल्या जुन्या दगडावर नाही.

हा त्या काळाचा रिवाज होता. साध्या शिपायाचे नाव दगडावर कोरण्याची पद्धत जगभरच फार उशिरा आली. पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियममधल्या ईप्र शहरात मेनिन गेट उभे राहिले. ज्यांचे थडगे सापडले नाही अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्याच्या भिंतींवर आहेत, त्यांत हिंदी सैन्यातली माणसेही आहेत. १९२८ पासून, दुसऱ्या महायुद्धातला काळ सोडता, तिथे रोज संध्याकाळी बिगूल वाजतो. महाराष्ट्रात याचे एक आधीचे उदाहरण आहे, ते भीमा कोरेगावच्या स्तंभाचे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे त्यावर आहेत आणि त्यांतली २२ महार सैनिकांची आहेत. स्तंभ उभारणाऱ्या इंग्रजांचा हेतू आपल्या सत्तेचा गौरव हाच होता. पण डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले, तेव्हापासून त्या दगडाचा अर्थ बदलला. आज लाखो माणसे तिथे जातात ती कंपनीच्या विजयासाठी नव्हे, त्या नावांसाठी. ज्यांना इतिहासात नाव नाकारले गेले त्यांना एका दगडावर आपले नाव सापडले, हे त्या गर्दीचे मर्म आहे.

पानिपतला काळा आंब येथे १४ जानेवारीला मराठी माणसे जमतात, तिथे पराभवाचे स्मरण होते. पानिपतावर जाणारा माणूस मेलेल्यांसाठी जातो. वसईला जाणारा जिंकलेल्यांसाठी जातो. पण जिंकण्यासाठी मेलेले पाच हजार वसईतही आहेत.

शेजाऱ्याचा इतिहास

वसईच्या विजयदिनाला आणखी एक बाजू आहे. वसई, उत्तन, गोराई, वांद्रे, मरोळ इथल्या ख्रिस्ती समाजाला हा दिवस कसा दिसतो? हे लोक पोर्तुगीज नव्हेत. ते कोळी, भंडारी, कुणबी, पाचकळशी, सामवेदी अशा इथल्याच समाजांतून आलेले. त्यांची भाषा मराठीचीच बोली. मुंबई-ठाण्याच्या ख्रिस्ती समाजाने ईस्ट इंडियन हे नाव घेतले ते १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी. त्याआधी शतकानुशतके ते इथेच होते. याच वसईच्या मातीतून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

युद्धात चर्च पडली, घंटा गेल्या, पाद्री परागंदा झाले, हे खरे आहे. तहानंतर जे राहिले त्यांना आपला धर्म पाळता आला, हेही खरे आहे. १७६० साली आंकेतील द्यु पेरों हा फ्रेंच प्रवासी साष्टीतून गेला. मराठ्यांच्या राज्यात ख्रिस्ती लोक उघडपणे सण साजरे करतात, ठाण्याच्या चर्चमध्ये हजारोंची गर्दी होते, याची नोंद त्याने केली आहे. ज्या बेटावर वीस-बावीस वर्षांपूर्वी धर्माच्या गाऱ्हाण्यावरून युद्ध पेटले होते, तिथे हे दृश्य दिसावे हा मराठी राज्यकारभाराचा लहान विजय नव्हता. विजयदिनाच्या भाषणात ही नोंद वाचून दाखवली, तर त्या दिवसाला शेजारीही निर्धास्तपणे येऊ शकेल.

दोन दारे

मग विजयदिनाला जाणाऱ्याने काय करावे? शक्य असेल तर आदल्या आठवड्यात धारावीची टेकडी चढावी, वेसाव्याच्या धक्क्यावरून समोरचा तट पाहावा, मंडपेश्वरच्या लेण्यांवरचे पडके मठ पाहावेत. वेढा म्हणजे काय ते यातून कळेल. वसईला गेल्यावर पुतळ्याला हार घालावा आणि मग उत्तरेच्या तटाकडे जावे. सुरुंगांनी भगदाडे पाडली ती त्या बाजूला. पाच हजारांतले बरेचसे तिथे पडले असणार. नावे नाहीत, तर निदान आकडा उच्चारून क्षणभर गप्प उभे राहावे.

शेवटी किल्ला बंदराकडच्या समुद्रदरवाज्यापाशी जावे. तहाच्या अटींप्रमाणे पोर्तुगीज सैन्य हत्यारांनिशी, नगारे वाजवत, लष्करी मानाने बाहेर पडले आणि दोनशे वर्षांची सत्ता होड्यांत बसून गेली. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला हा मान दिला, हे वसईच्या विजयातले शिकण्यासारखे वैभव आहे. आणि त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून पेशवाईचे स्वातंत्र्य गहाण टाकले. मधे गेली होती अवघी त्रेसष्ट वर्षे. विजयदिनाला वसईत असताना ही दुसरी तारीखही आठवली, तर १७३९ मध्ये मेलेल्या माणसांनी काय कमावले आणि पुढच्यांनी ते कसे घालवले, याचा हिशेब त्याच तटाच्या सावलीत मांडता येतो.